परसातील मांसल कोंबड्या आणि गावचे नियम

प्रश्न: घरामागे दीड गुंठा मोकळी जागा असून तेथे घरच्या मांसापुरत्या वीस-पंचवीस वनराजा जातीच्या कोंबड्या पाळण्याचा विचार आहे. शेजारच्या काकांनी आताच वासाची धास्ती घेतली आहे. यासाठी परवाना लागतो का?

उत्तर १: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्न पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या फार्मला येतो. तरीही ग्रामपंचायतीत आधी विचारावे. नगरपालिका हद्दीत किंवा सोसायटीत नियम वेगळे असू शकतात. काकांची धास्ती मात्र रास्त आहे, कारण वास पक्ष्यांपेक्षा खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसाचा अधिक येतो. म्हणून तूस रोज उलथावे आणि पाण्याचे भांडे सांडणार नाही असे ठेवावे.

उत्तर २: परसात वाढणारा वनराजा ब्रॉयलरसारखा सहा आठवड्यांत तयार होत नाही, तीन-चार महिने धरून चाला. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी अशी द्यावी. आम्ही दुसरी लस टाळली आणि निम्मे खुराडे रिकामे झाले.

उत्तर ३: अचानक मरतूक झाल्यास पक्षी परस्पर पुरू किंवा विकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.