अनुभव धागा : बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून, मोटारींपासून दूर, सायकलने

वेलांटी
फ्रान्समधल्या बर्गंडीत बोनपासून मॅकोंपर्यंतची जवळजवळ सगळी वाट मोटाररस्ता टाळून सायकलने करता येते. इकडे येणारी मराठी मंडळी त्याबद्दल तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा. प्रवासवर्णनं नकोत. अंतर, टायर, वेळा, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच लिहा.

सांगाडा मी मांडते. पहिला टप्पा ‘व्हॉय दे व्हिन्य’, म्हणजे द्राक्षवेलींची वाट. बोनच्या बुझेझ बागेपासून पोमार, वोलने, मर्सो, प्युलिनी करत सांतनेपर्यंत सुमारे २२ किमी. दुसरा टप्पा सांतनेहून शान्यी आणि पुढे सेंटर कालव्याच्या काठाने शालों. तिसरा शालोंहून जिव्री, क्लुनी करत मॅकों, सुमारे ७० किमी. तीन दिवसांत आरामात होतं. दोन दिवसांत उरकायचं म्हटलं तर वाइन आणि गावं दोन्ही राहून जातात.

चाकोरी
तिन्ही टप्प्यांचा स्वभाव वेगळा आहे. पहिला टप्पा खऱ्या अर्थाने सायकलमार्ग नाही, ते मळ्यांतले शेतरस्ते आहेत. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, मधेच खडी, आणि गावात शिरताना छोटे पण उभे चढ. तिथे शेतकऱ्यांच्या गाड्या असतातच. वेलींच्या ओळीवर दोन पाय फाकून उभा राहावा तसा उंच ट्रॅक्टर दिसेल. तो आला की अख्खी वाट त्याची, आपण उतरून कडेला व्हायचं. वरून चालकाला जवळची सायकल नीट दिसत नाही आणि आपली घंटी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तिसरा टप्पा जुन्या रेल्वेमार्गावर आहे. जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा भाग १९९७ मध्ये खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली ‘व्हॉय व्हेर्त’, हिरवी वाट. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे इथे चढ असा जाणवतच नाही. सिंहगड घाट चढणाऱ्याला तर गिअर बदलायची आठवणही होणार नाही. डांबर गुळगुळीत, जुनी स्टेशनं अजून उभी.

गोची आहे ती छेदरस्त्यांवर. वाट गावरस्ता ओलांडते तिथे थांबायचं आपण, मोटारीने नाही. दहा-पंधरा मिनिटं निवांत चालवल्यावर हात आपोआप सैल पडतात आणि नेमका तेव्हाच छेदरस्ता येतो. अनेक ठिकाणी वेग कमी करायला आडव्या दांड्या लावल्या आहेत. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या असतील तर त्यांत अडकतात, मुलांची ट्रेलर असेल तर उतरून वळवावी लागते.

टायरवाला_पुणे
सायकल तिथेच भाड्याने घेणार असाल तर पहिल्या मिनिटाला ब्रेक तपासा. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे उजव्या हाताला मागचा. सवयीने डावा जोरात दाबला तर पुढचं चाक जागच्या जागी रुतेल. मोकळ्या जागेत दहा वेळा थांबून हाताला नवीन सवय लावा, मगच मळ्यात शिरा. आणि चालवायचं उजवीकडून. एकट्या वाटेवर याचा विसर पडतो आणि वळणावर समोरून कुणी आलं की दोघंही एकाच बाजूला वळतात.

टायर ३५ ते ४० मिमी रुंद. ७०-७५ किलोचा माणूस आणि थोडं सामान असेल तर ४० मिमीला साडेतीन बार, म्हणजे साधारण ५० पीएसआय पुरे. डांबरावर बरं वाटतं म्हणून जास्त भरलं तर मर्सोच्या आसपासच्या खडीत हातांना मार बसतो. ट्यूब दोन घ्या आणि व्हॉल्व्ह कुठला ते बघून घ्या. भाड्याच्या सायकलींवर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बऱ्याचदा असतो, आपल्या मोटारछाप पंपाची तोंडं त्यावर बसत नाहीत.

हिवाळ्याच्या शेवटी वेलींची छाटणी चालू असते. छाटलेल्या कडक काड्या आणि तारेचे तुकडे वाटेवर पडतात. त्या दिवसांत पंक्चर धरूनच चला.

डिजोंवासी
टायरवाल्यांच्या मुद्द्यात चिखलाची भर घालतो. पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांतून चुनखडीयुक्त चिकणमाती डांबरावर येते. ओली असताना ती साबणासारखी, वाळली की सिमेंटसारखी. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट नसेल तर चाक जाम होतं. ओली असतानाच काडीने काढा. वळणावर पांढुरका पट्टा दिसला तर ब्रेक त्याच्या आधी दाबा, त्यावर नाही.

काळ म्हणाल तर मे-जून उत्तम. मात्र याच दिवसांत गंधक आणि तांब्याची फवारणी असते. फवारणीचा ट्रॅक्टर दिसला की वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा आणि पाण्याच्या बाटलीचं तोंड झाका. सप्टेंबरात तोडणी असते. ट्रॅक्टरांची ये-जा वाढते, खोल्या मिळत नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या जुन्या धर्मार्थ रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो, तेव्हा तर बोनमध्ये जागेचं नावच नको.

उत्तरेकडून ‘बीझ’ नावाचा गार वारा वाहतो. म्हणून बोनहून मॅकोंकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे या. उलट केलंत तर सपाट वाटेवरही घाट चढल्याइतका दम लागेल.

क्लुनीनंतर बोआ क्लेरचा बोगदा लागतो, १.६ किमी लांब. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, जाकीट पिशवीत सगळ्यात वर ठेवा, दिवे लावा, गॉगल काढा. हिवाळ्यात तिथे वटवाघळं झोपतात म्हणून तो बंद असतो आणि टेकडीवरून जावं लागतं.

परतताना एक चूक बऱ्याच जणांची होते. मॅकोंची दोन स्टेशनं आहेत, गावातलं आणि गावाबाहेरचं तेजेव्हे (टीजीव्ही) या वेगवान गाड्यांचं. टीईआर या प्रादेशिक गाडीत सायकल अख्खी चढवता येते, तेजेव्हेला मात्र आरक्षण किंवा सुटी करून पिशवीत भरणं आलं. तिकीट काढताना स्टेशनचं पूर्ण नाव वाचा.

काचकुपी
वाइन चाखण्याबद्दल. सायकलस्वारालाही रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लागू आहे, लिटरला ०.५ ग्रॅम. एका ठिकाणी पाच वाइन आणि प्रत्येकी चार सेंटीलिटर धरा, २०० मिलि झाली, म्हणजे मोठा पेला रिकामा. अशी दोन घरं केलीत तर छेदरस्त्यावर अंदाज चुकणारच. टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते, ती वापरा. थुंकणं तिथे अपमान नाही, व्यवसायातले सगळे तेच करतात. लहान वायनऱ्यांना आदल्या दिवशी फोन करावा लागतो. १२ ते २ कुणी दार उघडत नाही.

या वाटेचं खरं सुख म्हणजे जमिनीची प्रत पायांना कळते. गावाखालच्या सपाट भागात साधी गाववाइन, थोडं चढलात की प्रीमिए क्रू (त्याहून वरच्या दर्जाचे मळे), आणि प्युलिनी-शासान्यच्या उताराच्या मध्यावर मोंराशे हा सर्वोच्च दर्जाचा मळा, जेमतेम ८ हेक्टर. मध्यावर पाणी साचत नाही, चुनखडी आणि मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) यांचं मिश्रण बरोबर असतं, आणि उतार पूर्वेकडे असल्याने सकाळचं ऊन मिळतं. मोटारीतून हा फरक दिसतच नाही. २०१५ पासून हे मळे जागतिक वारसा यादीत आहेत. भिंतीवर चढू नका, घड तोडू नका.

खरेदीसाठी ब्यूक्सी सोयीचं (पाटीवर ‘क्स’ असला तरी उच्चार ब्युसी). तिथली सहकारी वायनरी १९३१ ची. आपल्याकडे शेतकरी सहकारी कारखान्याला ऊस घालतो, तशी इथे द्राक्षं घालतात. मोंतान्यीची पांढरी वाइन तिथेच घ्या. पण एक भरलेली बाटली १.२ ते १.३ किलो असते. सहा बाटल्या म्हणजे जवळपास आठ किलो, सगळ्या मागच्या चाकावर. तीन-तीन दोन्ही बाजूंना, मोज्यात गुंडाळून, तळाशी. दुपारच्या उन्हात पिशवी तापली तर बूच वर येतं आणि वाइन उकडते. म्हणून शेवटच्या दिवशी घ्या. भारतात माणशी दोन लिटरच शुल्काशिवाय आणता येतात, म्हणजे दोन बाटल्या.

मेतकूट
शाकाहारींसाठी थोडक्यात. ‘उफ आं मरेत’ ही अंड्याची पाककृती वाटते, पण सॉसमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. कीश लोरेनमध्येही. गुझेर, म्हणजे चीज घातलेले छोटे भाजलेले गोळे (अंडं असतं), मॅकोंचं बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव मात्र कुठेही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावं बंद, म्हणून शनिवारीच भरून ठेवा. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

चाकोरी
मेतकूट, दफनभूमीच्या नळाबद्दल +१. भर एवढीच, की कडक थंडीच्या महिन्यांत पाइप फुटू नयेत म्हणून ते नळ बंद करतात. तेव्हा दोन बाटल्या सकाळीच भरा.