उधाण, वादळी लाट की फुगवटा?

खाडीकाठ : वादळाचे इंग्रजी इशारे मराठीत करून गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचं काम माझ्याकडे असतं. दर वेळी 'स्टॉर्म सर्ज'पाशी, म्हणजे वादळामुळे चढणाऱ्या समुद्राच्या पाण्यापाशी अडतो. २०२० साली निसर्ग वादळाच्या आदल्या दिवशी इशारा होता की मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागात नेहमीच्या भरतीपेक्षा १ ते २ मीटर जास्त पाणी चढेल. मी लिहिलं, 'समुद्राला मोठं उधाण येईल.' लगेच शेजारच्या काकांचा फोन : "पुनवेला अजून तीन दिवस आहेत. तू आजच कुठून उधाण आणलंस?" दुसरा शब्द आहे का?

बांधावरची : काकांचं बरोबर आहे. उधाण म्हणजे नुसती मोठी भरती नाही, तिथीची भरती. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतं, तो भांग. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे अजून तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. डोलीवाले, म्हणजे प्रवाहात डोल जाळी लावणारे मच्छीमार, उधाणात जातात, कारण तेव्हा पाण्याला ओढ असते. भांगात होड्या किनाऱ्याला आणि जाळी वाळत.

शब्दकीस : पण वर्तमानपत्रात चर्चेला उधाण येतं, उत्साहाला येतं. तिथे कोण पंचांग बघतं? शब्द केव्हाच सुटा झालाय. 'वादळी उधाण' म्हणा आणि मोकळे व्हा.

बांधावरची : चर्चेला खुशाल येऊ दे. ज्याचं शेत खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत आहे, त्याला उधाण म्हणजे वेळापत्रक. माझे सासरे अमावास्येच्या आदल्या दिवशी उघाडी बघून यायचे. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट. तिची झडप ओहोटीला उघडते, भरतीला समुद्राच्याच दाबाने मिटते. मध्ये एखादं लाकूड अडकलं की मिटत नाही आणि खारं पाणी भातात. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध मध्येच फुटला, तर पुढची काही पिकं विसरायची. अशा माणसाला तुम्ही 'उधाण' म्हणालात तर तो तिथी मोजणार, आणि तिथी नसेल तर निवांत झोपणार. हल्ली साध्या उधाणालाही पाणी बांधाच्या माथ्याला लागतं, हे खरं. त्यात समुद्र चढल्याचा भाग आहे, तसा बांधांवर वर्षानुवर्षं माती न पडल्याचाही. सगळं हवामानबदलाच्या माथी मारायला मी तयार नाही.

होकायंत्र : 'वादळी लाट' तर मुळीच नको. लाट येते आणि जाते, लोक ती बघायला धक्क्यावर जातात. इथे अख्खी पातळीच वर येते आणि काही तास उतरत नाही. हवेचा दाब १ मिलिबारने घटला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, पण तो वाटा लहान. मुख्य काम वाऱ्याचं. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो आणि उथळ तळावर त्याला मागे फिरायला जागा उरत नाही. हे सगळं त्या वेळी जी भरती-ओहोटी असेल तिच्यावर चढतं. ३ जूनला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला दुपारी टेकलं, तेव्हा भरती उतरणीला लागली होती. म्हणून थोडक्यात निभावलं. सांगली-कोल्हापूरकडे धरणामागे चढत गेलेल्या पाण्याला 'फुगवटा' म्हणतात. 'समुद्राचा फुगवटा' कसा वाटतो?

शब्दकीस : अर्थ चपखल, पण धाक नाही. फुगवटा म्हटलं की मला जेवणानंतरचं पोट आठवतं.

बांधावरची : मला आवडला. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातूनच पश्चिमेला वळलं. तरी मालवणकडे पाणी वस्तीत आलं. दिवाळीची अवस तोंडावर होती. लोक म्हणाले, "उधाण जरा जास्तच आलं." तिथीचं पाणी किती आणि वादळाचं किती, हे एका शब्दात कसं कळणार? उधाण वेगळं ठेवा, फुगवटा वेगळा. दोन्ही एकदम आले तर 'उधाणावर फुगवटा'.

होकायंत्र : नामावर अडत असेल तर क्रियापद वापरा. 'पाणी फुगणार.' नदीकाठी सगळे तसंच बोलतात.

खाडीकाठ : हे जमलं. पुढच्या वेळेसाठी मजकूर करून ठेवला : 'वादळामुळे समुद्राचं पाणी फुगणार. भरतीच्या वर कमरेइतकं ते पुरुषभर चढू शकतं. हे उधाण नाही, तिथी बघू नका.' काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे भांगातसुद्धा?" म्हटलं, भांगातसुद्धा. मग बराच वेळ गप्प होते.