मार्चच्या बर्फाच्या ग्राफमध्ये १९८७ नंतर उडी का येतेय?

मुग्धा_जिओ
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला आर्क्टिकच्या समुद्री बर्फाचा पॅसिव्ह मायक्रोवेव्ह डेटा (पृष्ठभागातून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी उपग्रहाने मोजलेल्या) घेतलाय, नासा टीम अल्गोरिदमवाला (त्यावरून बर्फाची टक्केवारी काढायची पद्धत), २५ किमी ग्रिड, त्या जुन्या बायनरी फायली. दर पिक्सेलला बर्फ किती टक्के ते गुणिले ६२५ चौकिमी, मग सगळ्याची बेरीज, असा दर वर्षीच्या मार्चचा एरिया काढला. १०० टक्क्यांच्या वरचे पिक्सेल (१००.४, १०१.६ असले काहीतरी) कचरा म्हणून काढून टाकले. तर १९८७ नंतर ग्राफ एकदम आठ-नऊ लाख चौकिमीने वर जातो आणि २००८ ला परत थोडा उचलतो. बर्फ तर कमी होतोय ना? दोन दिवस कोड बघतेय, चूक सापडत नैये, कोणीतरी सांगा प्लीज.

दर्यावर्दी
कोड बरोबर असेल, पण तो कचरा नव्हता गं! या फायलींत ० ते २५० हेच खरे आकडे, म्हणून २५० ने भागायचं. त्याच्या वरचे कोड आहेत, २५३ किनारा, २५४ जमीन, २५५ डेटा नाही आणि २५१ म्हणजे ध्रुवावरचं भोक. २५१ भागिले २५० म्हणजे तुझे १००.४, तेच तू फेकलेस.

भोक का, तर उपग्रह बरोब्बर ध्रुवावरून जात नाहीत आणि त्यांचा पट्टा तिथवर पोचत नाही. निम्बस-७ उपग्रहावरच्या एसएमएमआर सेन्सरला ८४.५ अंश अक्षांशाच्या वरचं काही दिसायचं नाही, म्हणजे ११.९ लाख चौकिमी गायब. १९८७ ला त्याच्या जागी एसएसएमआय सेन्सर आला, तो ८७.२ अंशांपर्यंत बघायचा, भोक ३.१ लाख, जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढं. २००८ पासून त्याच्या पुढच्या एसएसएमआयएस सेन्सरचा डेटा, त्याचं भोक फक्त २९ हजार. आता वजाबाकी कर, ८.८ लाख आणि २.८ लाख, तुझ्या दोन्ही उड्या ह्याच. बर्फ वाढला नाही, दिसायला लागला.

ट्रेंडच काढायचाय तर मी सगळ्या वर्षांना ८४.५ चाच मास्क लावेन, म्हणजे त्याच्या वरचा भाग सगळ्याच वर्षांत वगळेन. भोवतालच्या सरासरीने भोक भरतात काही जण, मार्चला चालून जातं कारण तिथे सगळीकडे गच्च बर्फच असतो, उन्हाळ्यात मला ते पटत नाही.

नकाशावाला
६२५ ने गुणू नकोस. हे पोलर स्टिरिओग्राफिक ग्रिड (गोल ध्रुवप्रदेश सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ७० अंश अक्षांशावरच खरं, बाकी ठिकाणी पिक्सेलचं खरं क्षेत्रफळ ३८२ पासून ६६४ चौकिमीपर्यंत बदलतं. पिक्सेल-एरियाची वेगळी फाईल मिळते ती वापर.

मुग्धा_जिओ
दर्यावर्दीदादा खूप खूप आभार, मास्क लावला आणि उडी गेली, ग्राफ खाली उतरतोय!! आता जुलै बघतेय तर मधल्या भागात, जिथे फोटोत सलग बर्फ आहे, तिथे ६०-७० टक्केच येतंय आणि सायबेरियाच्या किनाऱ्याला सप्टेंबरमध्ये उगाच बर्फाची किनार दिसतेय. हे पण भोकच का?

ताई_मायक्रोवेव्ह
नाही, हे वेगळं. रेडिओमीटर (उपग्रहावरचा हा सेन्सर) बर्फ बघत नाही, पृष्ठभागातून निघणारी ऊर्जा मोजतो. १९ गिगाहर्ट्झला उघडा समुद्र एच (आडवं ध्रुवीकरण) मध्ये साधारण ११०-११५ केल्विन आणि व्ही (उभं ध्रुवीकरण) मध्ये १८० च्या वर दिसतो, बर्फ दोन्हीत बराच गरम आणि दोन्हींत फरक थोडा, मुख्यतः ह्या फरकावर अल्गोरिदम उभाय. जुलैत बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, ते पाणी पातळ असलं तरी सेन्सरला समुद्रासारखंच दिसतं, खालचा बर्फ झाकला जातो, म्हणून टक्केवारी पडते. त्यामुळे उन्हाळ्यात एरियापेक्षा एक्स्टेंट धर, म्हणजे १५ टक्क्यांच्या वर असेल तो अख्खा पिक्सेल बर्फाचा. आणि त्यात ध्रुवावरचं भोक बर्फच धरतात.

किनाऱ्याचं म्हणशील तर १९ गिगाहर्ट्झचा ठसा (एका मोजणीत सेन्सरला दिसणारा पृष्ठभागाचा तुकडा) ७० बाय ४५ किमीच्या आसपास असतो, पिक्सेल जरी २५ चा असला तरी, त्यात जमीन शिरली की ती बर्फासारखी चमकते. आर्क्टिकमधल्या न्यू-ऑलेसुनला आपलं भारताचं हिमाद्री स्टेशन ज्या कोंग्सफ्योर्डवर आहे तो फार तर दहाएक किमी रुंद, तो या डेटात शोधूच नकोस. किनारा हवाच असेल तर एएमएसआर-२ या नव्या सेन्सरचं ८९ गिगाहर्ट्झ, ६.२५ किमी ग्रिड मिळतं, पण ढग आणि बाष्प त्याला जास्त त्रास देतात आणि डेटा २०१२ पासूनचाच.

दर्यावर्दी
ह्यात एकच जोडतो, एसएमएमआर एक दिवसाआड चालायचा, तेव्हा १९८७ च्या आधीची महिन्याची सरासरी काढताना ३१ ने भागलंस का ते बघ, कारण डेटा निम्म्याच दिवसांचा असतो.