हेराक्लिओन म्हणजे नुसता विमानतळ का?

मोगरा_कट्टा:
काल इथे ग्रीसच्या क्रीट बेटाबद्दलच्या एका प्रतिसादात वाचलं, "क्रीटला गेलात तर हेराक्लिओनमध्ये रात्र वाया घालवू नका. क्नोसॉसचा राजवाडा बघा आणि सांतोरिनीची बोट पकडा. म्युझियममध्ये फुटकी मडकी आहेत." डोकंच उठलं. त्या फुटक्या मडक्यांपायी आम्ही तिथे चार दिवस मुक्काम ठोकला होता.

तिथल्या पुरातत्त्व म्युझियममधला, क्रीटच्याच मालियाला सापडलेला सोन्याचा दागिना बघितलात? दोन मधमाश्या आणि मध्ये मधाचा थेंब, सगळं मिळून दोन-तीन बोटं रुंद. काळ्या दगडात कोरलेलं बैलाचं डोकं आहे, त्याचा स्फटिकाचा डोळा आपल्यावरच रोखलेला. फेस्टोसची चकती, म्हणजे अनोळखी चिन्हं उमटवलेली मातीची तबकडी, 1908 साली मिळाली, तिचं वाचन अजून कुणाला जमलेलं नाही. आणि क्नोसॉसच्या भिंतींवर जी चित्रं दिसतात त्या नकला आहेत हो, अस्सल तुकडे म्युझियममध्येच. म्हणून आधी म्युझियम, मग राजवाडा.

भटक्या_77:
तो प्रतिसाद माझाच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.
जुलै महिना, बरोबर सत्तरीची आई, तिचे गुडघे, आणि टूरवाल्याने म्युझियमला दिलेली मोजून चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. चार दिवस राहणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

खडूस_मास्तर:
मडकी-बिडकी ठीक आहे, पण "राजवाडा" कुठला? 1900 साली आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने खोदायला घेतला आणि पुढे स्वतःच्या कल्पनेने सिमेंट ओतून उभा केला. लाल खांब, वरचे मजले, सगळं त्याच्या डोक्यातलं. तिथे सर्वात आधी खोदलं ते हेराक्लिओनच्याच मिनोस कालोकेरिनोसने, 1878 मध्ये. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? गोरा साहेब आला की स्थानिक माणूस तळटीपेत.

गवंडी_इंजिनिअर:
आले सिमेंटद्वेष्टे! मास्तर, मिनोअन लोकांच्या, म्हणजे राजवाडा बांधणाऱ्या क्रीटच्या प्राचीन रहिवाशांच्या, भिंतींत लाकडी तुळया होत्या, त्या केव्हाच नष्ट झालेल्या. इव्हान्सने आधी नवं लाकूडच घातलं, तेही पावसात कुजलं. म्हणून मग सळ्या घालून काँक्रीट. ते नसतं तर तो मोठा जिना आज ढिगारा असता. पंचवीस वर्षं बांधकामात काढलीत, जुनी भिंत उघडी पडली की काय होतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

खडूस_मास्तर:
टेकू देणं वेगळं, अख्खा मजला चढवणं वेगळं. टेकू असता तर हात जोडले असते. आणि चित्रांचं काय? केशर वेचणारा निळा "मुलगा" जोडून दाखवला, नंतर कळलं की ते माकड आहे! शेपूट होती. तो लिलींचा मुकुट घातलेला "राजपुत्र"सुद्धा वेगवेगळ्या आकृत्यांच्या तुकड्यांचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पंचवीस वर्षांच्या अनुभवात माकडाचा मुलगा केलात का कधी?

गवंडी_इंजिनिअर:
वैयक्तिक होऊ नका. माकड मान्य. जिना मान्य करा.

खडूस_मास्तर:
जिना मान्य. फक्त जिना.

शिडाची_होडी:
तुमचं सिमेंट वाळेपर्यंत शहराकडे बघा जरा. बंदरातला कूलेसचा किल्ला, व्हेनिसवाल्यांचा तट, 1628 चं सिंहांचं कारंजं. हेच शहर, तेव्हाचं नाव कांदिया, तुर्कांनी 1648 ते 1669 असं एकवीस वर्षं वेढलं होतं. तेवढ्यात इकडे महाराजांनी अफझलखान निपटला, पुरंदरचा तह केला, आग्र्याला जाऊन परतही आले, आणि तिकडे वेढा चालूच! तटावर संध्याकाळी फिरताना मला हेच आठवत होतं. चित्रकार एल ग्रेको इथलाच. ऐतिहासिक संग्रहालयात त्याची दोन छोटी चित्रं आहेत, गर्दी शून्य.

मोगरा_कट्टा:
होडी, तुम्ही तरी विषयावर आलात. धागा म्युझियमचा होता, इथे स्लॅब पडतोय.

गवंडी_इंजिनिअर:
म्युझियमचंच ऐका मग. जुनी इमारत भूकंपांनी खिळखिळी झाली, म्हणून 1930 च्या दशकात नवी भूकंपरोधक बांधायला घेतली. तुमच्या मधमाश्या काँक्रीटच्याच जिवावर शाबूत आहेत.

खडूस_मास्तर:
टाळ्या. आता त्या इमारतीचंही तिकीट लावा.

नवखी_प्रवासी:
मंडळी, मला एकच दिवस आहे. काय करू?

मोगरा_कट्टा:
सकाळी दार उघडताच म्युझियम, दोन-तीन तास. मग सिंहांच्या कारंज्याच्या चौकात बुगात्सा (सारण भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री) खा. ऊन उतरल्यावर शहरबसने क्नोसॉस, जेमतेम पाच किलोमीटर. शेवटचा प्रवेश किती वाजता ते आधी बघून ठेवा.

भटक्या_77:
हे वेळापत्रक आमच्या टूरवाल्याला पाठवतो, फ्रेम करून लावेल. असो, "फुटकी मडकी" हे शब्द मागे घेतो. बाकी काही नाही.
आत्ताच आईला विचारलं, क्नोसॉसचं काय आठवतं? म्हणाली, "आवारात मोर होते की रे."