रेडिएटरच्या ड्रेन प्लगमधून कुलंट झिरपते: आट्यांवर टेप गुंडाळावी की रिंग बदलावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. तिच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची असून टाक्या काळ्या प्लास्टिकच्या आहेत. कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलून घेतल्यापासून खालच्या ड्रेन प्लगपाशी, म्हणजे ते काढण्याच्या बुचापाशी, रात्रभर थेंब साचतात आणि सकाळी फरशीवर हिरवट डाग दिसतो. गाडी तापलेली असताना मात्र तेथे फारसे ओले दिसत नाही. एका गॅरेजमध्ये प्लग आणखी आवळून दिला, तरी फरक पडला नाही. दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून वरून एम-सील लावले की काम होईल. लवकरच कुटुंबासह कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जायचे आहे आणि वैशाखातले आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. हा उपाय टिकेल का, की दुसरे काही करावे?

तापीतीर (भुसावळ)

भाऊ, टेप गुंडाळू नका आणि प्लग याहून अधिक आवळूही नका. प्लास्टिकच्या ड्रेन प्लगमध्ये आटे केवळ प्लग धरून ठेवतात. पाणी अडवण्याचे काम त्यावरची रबरी ओ-रिंग करते. आट्यांत टेप भरली की प्लग पुरता आत बसण्याआधीच घट्ट लागतो, रिंगेवर हवा तेवढा दाब येत नाही आणि गळती होती तशीच राहते. शिवाय जाड टेपमुळे टाकीच्या तोंडावर ताण येऊन ते तडकू शकते.

गाडी थंड असताना गळते, तापल्यावर गळत नाही, या आपल्या निरीक्षणावरून माझा संशय रिंगेवरच जातो. जुने रबर कडक होते आणि थंडाव्याने आकसल्यामुळे पडलेली फट भरून काढण्याइतकी लवचीकता त्यात उरत नाही; गाडी तापली की रबर आणि प्लास्टिक दोन्ही फुगतात व फट मिटते. गरम असताना झिरपलेला थोडा द्रव लगेच वाळूनही जातो, म्हणून प्लगभोवती पांढरट किंवा हिरवा थर धरला आहे का, तेही पाहावे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. गाडी उचलावी लागली तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये, स्टँड लावावा. कुलंट स्वच्छ टबात काढावे आणि उघड्यावर मुळीच ठेवू नये, कारण त्यातील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते. अंगणातली कुत्री-मांजरे आणि गुरे ते पितात. जुना प्लग सोबत नेऊन त्याच मापाचा रिंगेसह नवा प्लग घ्यावा. नुसती रिंग घ्यायची झाल्यास ईपीडीएम रबराची मागावी. दुकानात सहज मिळणारी काळी नायट्रिल रिंग गरम कुलंटमध्ये लवकर कडक होते. ईपीडीएमला तेल आणि साधे ग्रीस चालत नाही, ते रबर फुगवते, म्हणून बसवताना रिंगेला थोडे कुलंटच लावावे. बसण्याची जागा मऊ फडक्याने पुसावी, पेचकसाने खरवडू नये. प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग अगदी किंचित आवळावा.

हे करताना बॅटरीच्या उजेडात प्लगच्या तोंडाभोवती केसासारखी चीर आहे का, ते नीट पाहावे. आधी जोर लावून आवळलेला प्लग असल्याने ही शक्यता मी सोडणार नाही. चीर सापडली तर एम-सीलवर विसंबून घाट चढू नये. अनेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ बार असा आकडा असतो; तेवढा दाब आणि रोजचे तापणे-निवणे सोसत पुट्टी त्या प्लास्टिकला धरून राहत नाही. मग टाकी किंवा रेडिएटर बदलणे हाच मार्ग.

केळीबाग (रावेर)

वरील उत्तर प्लास्टिकच्या टाकीपुरते योग्य आहे, पण टेप सर्वत्रच चुकीची असे वाचकांनी समजू नये. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच्या पितळी रेडिएटरला पाणी काढण्याचा जो पितळी कॉक असतो, त्याचे आटे बहुधा निमुळते असतात आणि तेथे आट्यांमध्येच पाणी अडते. अशा ठिकाणी पहिला आटा मोकळा सोडून, आवळण्याच्या दिशेने टेपचे दोन-तीन वेढे देणे हेच बरोबर. मात्र गळती आट्यांतून नसून कॉकच्या तोटीतून असेल, तर टेपचा उपयोग नाही. आतली निमुळती बैठक बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून घ्यावी लागते किंवा कॉकच बदलावा लागतो. आमच्या भागात कित्येक जण रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरतात, त्याचा क्षार या बैठकीवर बसतो आणि कॉक पूर्ण मिटत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आपणा दोघांचे मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिले, चीर दिसली नाही. प्लगची रिंग मात्र नखाने दाबली तरी दबत नाही. नवा प्लग मागवला आहे. तो येईपर्यंत साधे पाणी घालून गाडी गावातल्या गावात चालवली तर चालेल का? आणि प्लग बसवल्यावर खात्री कशी करावी?

तापीतीर (भुसावळ)

रोज पातळी पाहून थोडेसे डिस्टिल्ड वॉटर घालत गावात फिरणे ठीक आहे, बोअरचे नको. साध्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळते, तर कुलंट आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना. म्हणून घाटाआधी मिश्रण पुन्हा योग्य प्रमाणात भरून घ्यावे. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे आतली हवा निघण्यास मदत होते.

खात्रीसाठी झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून, झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर न जाता दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. आपली गळती थंडपणाची असल्याने ही चाचणी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वीच करवून घ्यावी. टेस्टर मिळाला नाही तर प्लगखाली कोरडा पुठ्ठा ठेवून गाडी रात्रभर उभी ठेवावी. पुठ्ठा सलग काही सकाळी कोरडा निघाला की निघायला हरकत नाही.