सात महिने झाले, तो आम्हाला कोणत्याच नावाने हाक मारत नाही

माहुलीकर, सातारा

बाल कल्याण समितीच्या आदेशाने गेल्या सात महिन्यांपासून एक चौदा वर्षांचा मुलगा आमच्याकडे प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे दत्तक न घेता ठरावीक मुदतीसाठी सांभाळायला, राहत आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.) त्याआधी तो बालगृहात होता आणि त्याच्याही आधी मामांच्या घरी. त्याची आई हयात आहे, परंतु दीर्घ आजारामुळे ती त्याला सांभाळू शकत नाही.

त्याच्याविषयी तक्रार करण्याजोगे काहीही नाही आणि मला काळजी वाटते ती नेमकी याच गोष्टीची. तो हट्ट करत नाही, उलटून बोलत नाही, जेवण झाल्यावर स्वतःचेच नव्हे तर सगळ्यांची ताटे उचलतो. मात्र एवढ्या दिवसांत त्याने मला किंवा यजमानांना एकदाही हाक मारलेली नाही. काकू नाही, मावशी नाही, काहीच नाही. काही हवे असल्यास तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि माझे लक्ष जाईपर्यंत थांबतो. मी माडीवर असले तर जिना चढून वर येतो, पण खालून हाक मारत नाही. वाक्येसुद्धा तो अशी बेतून बोलतो की कोणाला उद्देशून बोलत आहे हे कळू नये: "पाणी संपलंय", "वहीवर सही लागतीय". गणपतीत पाहुण्यांनी "हा कोण?" असे विचारले, तेव्हा यजमान मायेने "आमचाच मुलगा" असे म्हणाले. त्या रात्री तो जेवला नाही. आमचे कोठे चुकले? त्याने आम्हाला आई-बाबा म्हणावे यासाठी काही प्रयत्न करावा, की वाट पाहावी?

मिरजवाला

ताई, मी स्वतः संस्थेत वाढलो आणि तेराव्या वर्षापासून पुढे सांगली जिल्ह्यातील एका कुटुंबात राहिलो, म्हणून लिहितो. माझा अनुभव त्याचाही असेलच असे नाही.

संस्थेत प्रत्येक बाई 'ताई' असते. एक ताई नोकरी सोडून जाते आणि तिच्या जागी दुसरी ताई येते. मामीला मी 'मामी' म्हणत होतो आणि मला संस्थेत पोहोचवायला रिक्षात तीच बसली होती. असे दोन-तीनदा झाले की मुलगा नाती जपून वापरू लागतो. आणि 'आई' हा शब्द तर आधीच कोणाचा तरी असतो. आपल्या यजमानांचा हेतू चांगलाच होता, पण चारचौघांत "आमचाच मुलगा" म्हटल्यावर त्या एका वाक्यात त्याच्या आईचे नावच पुसले गेले, असे त्याला वाटले असण्याची शक्यता आहे.

ताटे उचलण्याविषयीही थोडे सांगतो. माझ्यासाठी सरकारकडून पैसे येतात हे मी चोरून ऐकले होते आणि त्यानंतर कित्येक महिने मी तिसरी भाकरी मागितली नाही. मी करत असलेले काम म्हणजे माझ्या हिशेबाने भाडे होते. आपणच त्याला पैशांविषयी स्पष्ट सांगून टाकावे.

ज्यांच्या घरी होतो त्या गृहस्थांची मोटारसायकल मी एकदा न विचारता नेली आणि उसाच्या पाटात घातली. त्यांनी मला त्यांच्या मुलाला बोलले असते तसेच खणखणीत बोलून घेतले आणि शेवटी "हातपाय धू, जेवायला बस" असे म्हणाले. मला परत पाठवणार नाहीत, हे मला तेव्हा समजले. त्यानंतर मी त्यांना पहिली हाक मारली ती "ओ!" अशी. पुढे सगळी गल्ली म्हणते म्हणून मीही 'नाना' म्हणू लागलो.

निवृत्त शिक्षक, कराड

हाक कोणती, यावर माया ठरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले आणि तेथील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. तरीही मुलांसाठी भाऊराव 'अण्णा'च राहिले. वसतिगृह वेगळे आणि घर वेगळे हे मान्य, पण आई-बाबा या दोन शब्दांचा आग्रह कृपया सोडावा.

समुपदेशक, सांगली

मिरजवाला यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त रागावण्याचा प्रसंग कोणी ठरवून घडवून आणू नये, एवढे सांगते.

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे, हा फरक मोठ्यांना कागदावर ठाऊक असतो, पण किशोरवयीन मूल तो रोज जगत असते. हे राहणे आदेशाच्या मुदतीपुरते असते. त्यामुळे "दहावीला मी कोणत्या शाळेत असेन?" या प्रश्नाचे उत्तर नसलेला मुलगा मनाने अर्धा उंबऱ्याबाहेर राहिला, तर तो शहाणपणाच आहे. आदेश कधी संपतो आणि तो वाढवण्यासाठी आपण काय करणार आहात, हे त्याला तारखेसह सांगा. "तू इथेच राहशील" असे आश्वासन मात्र देऊ नका, कारण तो निर्णय आपल्या हातात नाही आणि त्याला ते माहीत असते.

दुसरी गोष्ट आईची. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ४४ नुसार, आई-वडील सांभाळू शकत नाहीत म्हणून मूल प्रतिपालकत्वाखाली असेल, तर ते ठरावीक काळाने त्याला भेटू शकतात; अशा भेटी मुलाच्या हिताच्या नाहीत असे समितीला वाटले तरच, कारणे नोंदवून, त्या थांबवता येतात. त्याच कलमानुसार समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करायची असते. त्या वेळी मुलाशी एकट्याने बोलावे, अशी विनंती आपणच करा. आपल्यासमोर तो "सगळं चांगलं आहे" असेच म्हणेल.

आणि पाहुण्यांना काय सांगायचे, हे आधी त्यालाच विचारा. त्याचे फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर ठेवू नका. अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे.

माहुलीकर, सातारा

सर्वांचे आभार. काल रात्री यजमानांनी त्याला आदेशाची प्रत दाखवली, तारीख दाखवली आणि दरमहा किती रक्कम येते तेही सांगितले. त्याने तो कागद दोनदा वाचला. नंतर बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मी इथं आहे हे आईला माहीत आहे का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. सात महिन्यांत हा प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता, हे लिहिताना लाज वाटते.

सोमवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षात भेटीचा अर्ज देत आहोत. मसुदा मी लिहिला होता. त्यातील 'सदर बालकाच्या मातेची भेट' हे शब्द खोडून त्याने स्वतःच्या अक्षरात 'माझ्या आईला बघायला' असे लिहिले आहे. पाहुण्यांना काय सांगायचे हेही विचारले. "नुसतं नाव सांगा," असे तो म्हणाला. हाक अजून मारलेली नाही.