‘जून’ भोपळा म्हणजे नेमका कोणता?

शहापूर, बेळगाव: घारग्यांच्या एका कृतीत ‘पिकलेला भोपळा’ लिहिलंय, दुसरीत ‘जून भोपळा’. दोन्ही एकच का? भेंडी, गवार जून निघाली तर आपण बाजूला काढतो, मग भोपळा जून कसा चालतो? आणि बाजारात नुसतं ‘कुंबळकाई’ (भोपळ्याचं कन्नड नाव) मागितलं तर हाच मिळेल ना?

निपाणी: ताई, भेंडी-गवारीची सालच आपण खातो. जून झाली की तिचे दोर होतात, म्हणून तिथं तो दोष. भोपळ्याचा खायचा तो गर, आणि तो जून झाल्यावरच गोड होतो. कन्नडातही तसंच आहे: ‘बलित’ म्हणजे जून भेंडी कोणी घेत नाही, बलित कुंबळकाई बघून घेतात. ‘पिकलेला’ मला इथं अपुरा वाटतो, कारण सालीला रंग चढला तरी गर कोवळा असू शकतो. देठ बघा: वाळून लाकडासारखा टणक झालेला हवा. सालीत नख रुतत नाही. फाक घेणार असाल तर बिया टपोऱ्या, भरलेल्या हव्यात. चपट्या, पोचट असल्या तर भोपळा वेलावरून लवकर काढलाय.

खानापूर: नुसतं ‘कुंबळकाई’ म्हणू नका, ‘सिहि कुंबळ’ म्हणा. ‘बूदु कुंबळ’ म्हणजे कोहळा. बूदि म्हणजे राख, त्याच्या सालीवरच्या पांढऱ्या भुकटीवरून ते नाव. कोहळ्याचे सांडगे उत्तम, घारगे नाहीत; पाणी फार, रंग नाही. आमच्याकडच्या कोकणी घरांत ‘दुदी’ म्हणजेही लाल भोपळाच, मराठीतला दुधी नव्हे.

चिकोडी: जून भोपळ्यांतही दोन प्रकार निघतात, पिठूळ आणि पाणचट. घारग्याला पिठूळच हवा. किसलेला भोपळा 2 वाट्या, चिरलेला गूळ पाऊण ते 1 वाटी. आधी कीस चमचाभर तुपावर मऊ होईपर्यंत परतायचा, मगच गूळ. गूळ आधी पडला तर कीस मऊ व्हायला फार वेळ लागतो. थंड झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, 2 चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण 2 ते अडीच वाट्या. पाण्याचा थेंब नको. गोळा पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि लगेच लाटायला घ्या, कारण गुळामुळे तो ठेवल्या ठेवल्या सैल पडतो. मग लोक वरून पीठ घालतात आणि घारगे चिवट होतात. आच मध्यम. तेल फार तापलं की गूळ बाहेरून काळा पडतो, आत कच्चं राहतं.

शहापूर, बेळगाव: हे स्पष्ट झालं, धन्यवाद. भाजीच्या कृतीत ‘अंगच्या पाण्यात शिजवा’ असतं. म्हणजे पाणी अजिबात घालायचं नाही?

निपाणी: अजिबात नाही. फोडींतून सुटतं तेच अंगचं पाणी. सालीसकट इंचभर फोडी, तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद. फोडी घालून ताटलीचं झाकण, त्यावर पाणी, मंद आचेवर 10-12 मिनिटं. मीठ शेवटी. आधी घातलं तर पाणी एकदम सुटतं, आणि वारंवार ढवळलं की गिचका होतो. गिचका म्हणजे फोड न राहता लगदा. भरतासाठी तोच हवा, भाजीत नको. चिंच घालणार असाल तर फोड शिजल्यावर, आंबटात ती लवकर मऊ होत नाही. संकेश्वरी मिरचीचं तिखट असेल तर हात आवरा, आणि गुळाचा खडा विसरू नका.

खानापूर: अजून एक. अख्खा भोपळा आपण ‘चिरतो’ म्हणत नाही, आधी ‘फोडतो’. पहिला घाव घरातल्या पुरुषानं घालायचा, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. फोडायच्या आधी देठाकडची चकती उडवून ती सपाट बाजू खाली टेकवा, म्हणजे भोपळा गडगडत नाही. मग सालीवरच्या खाचेतून सुरी घाला. उरलेली फाक ठेवताना बिया आणि भोवतीचा धाग्यांचा गाभा चमच्यानं खरवडून टाका. बुरशी धरते ती तिथूनच.